बंदुकीची ओटी

दुपारच्या सामसुमीत पत्र्याच्या पेटीचं झाकण खाडकन पडलं आणि जमिलाच्या मांडीवर नुकतंच पेंगलेलं बाळ दचकून उठलं.

"शम्मो! झाकण हळू लावत जा म्हणून किती खेपा सांगावं तुले?"

"मी कुठं लावलं? ते आपल्या मनानं पडलं," पेटीमागून पाच वर्षांची शम्मो म्हणाली.

जमिलानं बाळाला पुन्हा थोपटलं, पायांचा झोका केला. बाळाचे डोळे मिटू लागले तशी शम्मो चवड्यांवर चालत बाहेर आली. हातात चिंध्यांची बाहुली होती. "अम्मी, आज इची शादी हाये. पाय ना, कशी दुल्हन दिसून राह्यली."

बाहुलीच्या डोक्यावर लाल ओढणी होती. पोरीची नजरच अशी कौतुकाची, की जमिलाला हसू आलं. दुल्हनचं तोंड नीट झाकावं म्हणून तिनं ओढणीचा पदर ओढला, तर बोटांना तेलकट लागलं. बोटं नाकाशी नेली. घासलेटाचा वास.

जमिलाचं हसू तिथंच राहिलं. हा वास तिच्या घरात एकाच कोपऱ्याला होता.

तिचा नवरा रहेमान मिस्त्री. पांढरकवड्याला हमरस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या ट्रका तिथं दम खायला थांबत, आणि रहेमान नि त्याचा धाकटा भाऊ अन्सार त्यांची पोटं उघडून बसत. पण ते झालं भाकरीपुरतं. जीव रमायचा तो जुन्या ठासणीच्या बंदुकांत. तोंडातून बारूद आणि गोळी घालायची, गजानं ठासायची, अशा आज्या-पणज्यांच्या बंदुका. कोणाच्या माळ्यावर गंजत पडलेल्या, कोणाकडे फक्त दसऱ्याच्या पूजेला खाली निघणाऱ्या. लोक त्या पोत्यात गुंडाळून आणत. रहेमान त्यांच्या नळ्या घासलेटात भिजवी, पितळ चिंचेनं उजळवी, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पाजी, आणि मग बंदूक मांडीवर घेऊन तासन्‌तास नुसता पाहत बसे. मनाशी म्हणे, ही जळत्या वातीवर चालायची. ही आधी वातीची होती, मग कोण्या लोहारानं तिला टोपीची, म्हणजे चापाखाली बारुदाची टोपी फुटून उडणारी केली. मजुरी विचारली तर म्हणे, "चाय पाजा."

शेजारच्या विमलताईला याची फार गंमत वाटे. "जमिला, तुह्या सवती भिंतीले टेकून उभ्या हायेत बाई! एक नाई, तीन तीन!"

"सवती बऱ्या ताई," जमिला म्हणे, "बोलत त नाईत."

खरं म्हणजे आधी तिलाही त्या नळ्यांची धास्तीच वाटायची. मग एकदा एका नळीवर कोरलेली अक्षरं रहेमानला लागेनात. तो बोटानं चाचपत होता, उजेडाकडे धरत होता. भाकरी थापता थापता जमिलानं मान वळवून वाचून टाकलं. उर्दू तिच्या वालिदनं तिला मारून मुटकून शिकवली होती. रहेमान तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू ती नव्यानंच घरात आली आहे. तेव्हापासून बंदूक धुऊन पुसून झाली की तो हाक मारी, "जमिला, पाय बरं, काय म्हणते हे?" आणि पिठाच्या हातानं ती येऊन बसे.

एक नियम मात्र रहेमान कधी मोडत नसे. बुढ्या बंदुकीवर आणि बुढ्या नागावर भरवसा ठेवायचा नाही, असं तो म्हणे. नळी घरात आली की आधी तिच्यात गज सोडायचा. गज आत जिथवर गेला तिथं बोट धरायचं, मग तो बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहायचा. बुडापर्यंत पोचला तर नळी रिकामी. आधीच अडला तर पोटात काहीतरी आहे. रिकामीच्या तोंडाला पांढरी चिंधी, भरलेलीच्या तोंडाला लाल.

आज सकाळच्या मोटारीनं तो ट्रकचा सुटा भाग आणायला यवतमाळला गेला होता. जाताना सांगून गेला होता, "दुपारी अन्सार येईन. पांढऱ्या चिंधीच्या दोन नळ्या त्याले देजो. बुडाचे पेच गंजले हायेत, भट्टीत लाल करून खोलाले सांगितलं हाये. लाल चिंधीले हात लावू नको."

अन्सार मघाशीच येऊन गेला होता. नळ्या पोत्यात बांधलेल्या, नुसती तोंडं बाहेर. पांढऱ्या चिंधीच्या दोन, जमिलानं आपल्या हातानं उचलून त्याच्या सायकलीवर ठेवल्या होत्या.

आता तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. एक नळी उरली होती. तिच्या तोंडालाही पांढरीच चिंधी होती. देताना हे आपल्या नजरेत कसं आलं नाही? तिनं दोन म्हणून दोन मोजून दिल्या, तिसरीकडे पाहिलंच नाही.

"शम्मो," तिनं आवाज मऊ ठेवला, पोरगी घाबरली तर काही सांगणार नाही म्हणून. "हे ओढणी कुठून घेतली माय?"

"नळीवरची."

"कवा?"

"काल. अब्बा नमाजले गेलते तवा." शम्मोनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईनं पुढं सांगितलं, "मंग तिचं तोंड उघडं पडलं ना. तिले शरम वाटन म्हून मी पांढरी बांधून देली. बाळाच्या लंगोटाची. चांगली बांधली अम्मी, अब्बावानी, दोन गाठी."

"कोणत्या नळीले?"

"जिच्या अंगाले शेंदूर हाये ना, तिले."

शेंदराची नळी म्हणजे देवसिंगभाऊची. तांड्यावरचा हा म्हातारा आठ दिवसांपूर्वी ती घेऊन आला होता. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या मुलाचं लग्न होतं. बंदूक उजळून द्या आणि ती कोण्या साहेबानं आजाला दिली होती ते नाव शोधून द्या, एवढं त्याचं मागणं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेनं नळीवर शेंदराचा जाड थर चढला होता. जमिलानं उरलेल्या नळीचं पोतं सारून पाहिलं, तिच्यावर शेंदूर नव्हता. म्हणजे शेंदराची नळी तिच्याच हातून भट्टीकडे गेली होती.

तिनं बाळाला उचललं आणि कुंपणावरून सरळ विमलताईच्या हातात दिलं.

"काहून वं? काय झालं?"

"ताई, याले पाहा." एवढंच. खुंटीवरचा बुरखा खुंटीवरच राहिला. शम्मो कुठं ठेवावी हे सुचलं नाही, ती बाहुलीसकट कडेवरच होती, आणि जमिला रस्त्याला लागली होती.

कापसाचे दिवस. सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या बंड्यांनी रस्ता भरून गेलेला. कापूस इतका वर दाबलेला की बंडीवान दिसत नव्हते. ती दोन बंड्यांच्या मधून घुसली, बैलाचं शिंग पदराला लागलं.

"ओ बाई! जीव जड झाला का?" वरून कोणीतरी ओरडलं.

तिला ते ऐकू आलं आणि आलंही नाही. तिचे कान पुढं गेले होते, गॅरेजपाशी. अन्सार अजून विशीतच होता. लग्न ठरलेलं. रोज संध्याकाळी येऊन "भाभी, आज काय चुरवलं माह्यासाठी?" म्हणून शिंकाळ्यात हात घालणारा. नळी लाल होईस्तोवर तो भाता मारत राहणार, आणि पोटात बारूद असेल तर...

हमरस्त्याच्या बाजूनं फाट्‌कन आवाज आला.

जमिलानं थबकून शम्मोला छातीशी आवळलं.

"टरक खोकलला," कडेवरून शम्मो म्हणाली.

खरंच ट्रक होता. धूर सोडत समोरून आला, हॉर्न वाजवून निघून गेला. जमिला पुन्हा चालू लागली, चालता चालता पळू लागली.

गॅरेजच्या मागं भट्टी होती. तिथून काळा धूर निघत होता आणि धुरातून अन्सारच्या शिव्या. "हा राजूरचा कोळसा हाये का राजूरचा चिखल? घंटाभर भाता मारून राह्यलो, नुसता धूर!" शेंदराच्या नळीचं बूड कोळशात होतं, तोंड बाहेर. त्या तोंडासमोर ट्रकच्या टायरवर देवसिंगभाऊ बशीत चहा ओतून फुंकर मारत बसला होता. आपली बंदूक कुठवर आली पाहायला म्हातारा तांड्यावरून आला होता.

"देवसिंगभाऊ, उठा तिथून! बाजूले व्हा! अन्सार, भाता सोड!"

जमिलाचा एवढा मोठा आवाज अन्सारनं कधी ऐकला नव्हता. ती स्वतःही ऐकत होती. देवसिंगभाऊ बशीसकट उठला.

"भाभी?" अन्सार हसला. "बिना बुरख्याच्या? घरी आग लागली का?"

"आग तू लावून राह्यला! ते नळी भरलेली हाये!"

"भरलेली कशी? पांढरी चिंधी होती."

"बाळाचा लंगोट होता तो!"

अन्सारनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शम्मोच्या हातातल्या लाल ओढणीकडे. भात्यावरचा हात सुटला. त्यानं नळीच्या मागून, तोंडाच्या रेषेत न येता, सांडशीनं ती ओढली आणि बूड पाण्याच्या डोणीत घातलं. छस्स असा बारीक आवाज झाला. वाफेचा एक पुंजका उठला आणि विरून गेला.

पाण्यात हात घालून त्यानं बूड चाचपलं. "कोमट हाये," तो म्हणाला. मग खाली बसला. "त्या ओल्या कोळशाले मी मघापासून शिव्या देऊन राह्यलो भाभी."

जमिला भिंतीला टेकली. तिनं शम्मोला खाली ठेवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण परक्या माणसासमोर उघड्या तोंडानं उभ्या आहोत. देवसिंगभाऊनं ते आधीच ओळखलं होतं. खांद्यावरचं घोंगडं त्यानं टायरवर अंथरलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. "बस वं बाई. मी तुह्या बापावानी हावो."

नळी गार झाल्यावर अन्सारनं गज सोडून पाहिला. हातभर आधीच अडला. त्यानं तारेचा आकडा करून आत खुपसला, नळी उलटी धरून ठोकली. आधी पिवळी भुकटी पडली. मग कीड लागून पोकळ झालेले ज्वारीचे दाणे. मग एक हळकुंड. हळकुंड डोणीच्या काठावर टुणकन उडालं.

अन्सार आधी पाहत राहिला आणि मग पोट धरून हसायला लागला. "भाभी, हे त मसाल्याची बरणी निंगाली! बार नसता झाला, वरणाले फोडणी बसली असती!"

देवसिंगभाऊ वाकला. त्यानं हळकुंड उचलून तळहातावर घेतलं.

"मारी याडी," तो आपल्या बोलीत पुटपुटला, आणि मग त्यांना कळेल असं म्हणाला, "माह्या मायनं भरलं हे. लालीबाईनं. बापू मेला त्या साली. बंदूक भिंतीवर टांगली, तिच्या तोंडात ओटी भरली. मी लहान होतो. म्हणे, तुहं पोट भरलं, आता कोनाले खाऊ नको." तो थोडा थांबला. "मी विसरूनच गेलतो."

ओटी. बाईची भरतात तशी बंदुकीची. जमिलाला रडू आलं का हसू, तिला स्वतःलाच कळलं नाही. जोंधळे आणि हळद यांच्यापायी ती गाव तुडवत आली होती! अन्सार अजून फिदीफिदी हसत होता, शम्मो दाणे गोळा करून बाहुलीला वाढत होती, देवसिंगभाऊसुद्धा मिशीत हसला. सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. जमिलाही हसली, डोळे पुसले, पदर डोक्यावर ओढला आणि उठली.

उठता उठता तिची नजर गजावर गेली.

"अन्सार, पुन्हा सोडून पाय."

"आता काय राह्यलं भाभी? मोहरी-जिरं?"

"सोड म्हणते ना."

अन्सारनं हसत हसत गज सोडला. हसत हसत बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला. गज बुडापाशी पोचला नाही. चार बोटं कमी भरला.

अन्सारनं नळी हळूच खाली ठेवली, तिचं तोंड मोकळ्या रानाकडे करून.

"उकरू का?"

"हात नको लावू," जमिला म्हणाली. "त्यांची मोटार येतच असन."

मोटार आली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. रहेमान पिशवी घेऊन उतरला, बायकोला गॅरेजात पाहून दारातच थबकला. जमिलानं सांगितलं, अन्सारनं मध्येमध्ये सांगितलं. रहेमाननं आधी शम्मोच्या डोक्यावर हात ठेवला. मग अन्सारचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले, जसं एखाद्या पोराचे हात धुतले की नाही पाहतात. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

सगळ्यांना त्यानं उभ्या ट्रकच्या आड पाठवलं. बत्ती देण्याचं नळीचं बारीक छिद्र शेंदरानं बुजलं होतं. ते त्यानं सुईनं मोकळं केलं, त्यातून आत पाणी सोडलं, मुरू दिलं, पुन्हा सोडलं. मग गजाच्या टोकाला पेच लावून फिरवत फिरवत ओढलं. आधी कापडाचा कुजका बोळा आला. मग बराच वेळ काही नाही. मग शिशाची गोळी, बोराएवढी. आणि तिच्यामागून काळा गाळ.

त्या गाळात एक ढेकूळ आतून कोरडं होतं. रहेमाननं त्यातली चिमूटभर सांडशीत धरून निखाऱ्यावर टाकली.

भस्स! हातभर जाळ उठला. पांढरा धूर छपराला जाऊन लागला.

"या अल्ला," अन्सार म्हणाला. आता तो हसत नव्हता.

देवसिंगभाऊ मटकन टायरवर बसला. "मी त ठरोलतं," तो म्हणाला, "पोराची वरात निंगाली का हिचाच बार काढीन. वरून नवी बारूद ठासली असती. पोरगं माह्या बाजूले उभं राह्यलं असतं." त्यानं पागोटं काढून तोंड पुसलं. मग जमिलाकडे न पाहता, रस्त्याकडेच तोंड ठेवून, हात जोडले. "बाई, तू लगनाले येजो. तू पयली."

"माही चूक झाली भाई," अन्सार म्हणाला. "गज सोडून पाहाले पायजे होता."

"तुही नाई. मी सांगितलं, चिंधी पाय. चिंधी पोरंही बांधतात." रहेमाननं गॅरेजच्या कोपऱ्यातल्या साऱ्या चिंध्या, लाल आणि पांढऱ्या, गोळा करून शम्मोच्या ओच्यात टाकल्या. "घे. साऱ्या बाहुल्यांच्या शाद्या लावून टाक. आता ज्याच्या हाती नळी, त्यानं गज सोडाचा. मी सांगितलं असलं तरी सोडाचा."

शम्मोला वाटलं होतं मार बसेल. ती बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग चिंध्या छातीशी धरून एक गिरकी घेतली.

भट्टीची ऊब आणि डोणीचं पाणी यांनी नळीवरचा शेंदूर सुटत आला होता. रहेमाननं अंगठा फिरवला तशी एक पापडी निघून आली. खाली काहीतरी कोरलेलं होतं. इतक्या सगळ्यानंतरही त्याचा चेहरा असा उजळला की जमिलाला त्याचा राग यावा की माया, हे कळेना. मायाच आली.

"जमिला," तो म्हणाला, "पाय बरं, काय म्हणते हे?"

ती त्याच्याजवळ बसली. उतरत्या उन्हाकडे नळी धरली. उजवीकडून एक एक अक्षर बोटाखाली घेतलं. "अमल-ए..." मग थोडं पुसलेलं. "करीमदाद. अमल-ए-करीमदाद. करीमदादच्या हातचं काम."

"म्हंजे साहेबाची नाई?" देवसिंगभाऊ.

"साहेबाची नाई. इकडच्याच कोण्या उस्तादाची हाये," रहेमान म्हणाला. "हे पाहा, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी. किती जीव लावून केली! म्हणूनच इतके साल बारूद पोटात धरून राह्यली."

"माहा आजा त सांगे, साहेबानं खूश होऊन देली."

"आजा फेकत होता म्हणा ना," अन्सार म्हणाला, आणि म्हातारा एवढा मोठ्यानं हसला की त्याला ठसका लागला.

घरी जाताना रहेमान सायकल हातात धरून चालला, कॅरियरवर शम्मो. जमिला त्याच्या बाजूनं. अन्सारनं गॅरेजातली एक चादर तिला दिली होती, ग्रीसचा वास येणारी. तीच पांघरून ती चालत होती आणि तिला तो वास आज गोड लागत होता. कापसाच्या बंड्या रिकाम्या होऊन परत निघाल्या होत्या. दूध भरून आल्यानं छाती दुखत होती. बाळ विमलताईला छळत असेल. छळू दे, जमिलाला वाटलं. घरी जाऊन अन्सारसाठी भाकरी जास्तीची टाकायची होती. टाकायची होती! एवढ्याशा गोष्टीनं तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"अम्मी," शम्मो म्हणाली, "देवसिंगबाबाच्या बापानं ते बारूद कोणासाठी भरली होती?"

"कोणाले ठाव माय. वाघासाठी असन. चोरासाठी असन."

चिंध्या शम्मोनं दोन्ही हातांनी धरल्या होत्या. मग ती वाकून आईच्या तोंडाशी आली.

"मंग ज्याच्यासाठी भरली होती त्याले कोणी सांगितलं का अम्मी, त्याचा जीव वाचला म्हणून?"